कोकोमो : जुलैत निघालेलं आणि नोव्हेंबरात पहिलं आलेलं उन्हाळी गाणं

दर्यागाणं (धागाकर्ता)

माझे मोठे मामा बोटीवर होते, टँकरवर. १९८९ च्या मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा येताना एक टू-इन-वन आणि सात-आठ कॅसेटी घेऊन आले, त्यात 'कॉकटेल' ह्या इंग्रजी पिक्चरच्या गाण्यांची एक होती. आजोळ मालवणच्या जरा अलीकडे, दुपारची वेळ, आजी पडवीत बसून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होती, दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक, अंगणात आधीची सालं वाळत घातलेली. मामांनी कॅसेट लावली, दोन-तीन गाणी झाली आणि मग 'कोकोमो' लागलं. आजीने हातातलं फळ तसंच धरून विचारलं, "ह्यां कोकमाचां गाणां काय रे?" तेव्हापासून आमच्या घरात ते कोकमाचं गाणं, दुसरं नाव नाही.

हे गाणं बीच बॉइज ह्या अमेरिकन बँडचं. २०२५ च्या ११ जूनला त्यांच्यातला ब्रायन विल्सन गेला तेव्हा इंटरनेटवर बँडबद्दल जे जे लिहून आलं ते मी वाचत बसलो होतो. 'पेट साउंड्स' ह्या अल्बमवर पानंच्या पानं, 'गुड व्हायब्रेशन्स' ह्या गाण्यावर पानंच्या पानं आणि कोकोमोचा विषय निघाला की एक ओळ, तीही नाक मुरडून. हे मी गेली तीस-पस्तीस वर्षं बघतोय. म्हणून ह्या गाण्याची बाजू एकदा नीट मांडायची आहे, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातलं हॉथॉर्न गाव, १९६१, तीन सख्खे भाऊ ब्रायन, डेनिस आणि कार्ल विल्सन, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अ‍ॅल जार्डिन. समुद्र, लाटा, गाड्या, उन्हाळा ह्यांची गाणी, चार-पाच आवाज एकमेकांत विणलेले. खरं तर सर्फिंग येत होतं ते एकट्या डेनिसला. १९६६ च्या डिसेंबरात 'गुड व्हायब्रेशन्स' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि त्यानंतर तो नंबर परत दिसला नाही. १९७६ मध्ये एक गाणं पाचव्यापर्यंत पोचलं, बस. १९८३ च्या डिसेंबरात डेनिस बुडून गेला, बँडमध्ये लाटांवर चढता येणारा एकटा तोच आणि तोच पाण्यात गेला. १९८८ च्या जानेवारीत रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं, म्हणजे जवळजवळ तसबीर करून भिंतीला लावलं. त्या वेळी कुणाला हा बँड नवीन हिट देईल असं वाटत नव्हतं.

मग 'कॉकटेल'च्या दिग्दर्शकाला एक गाणं हवं होतं, टॉम क्रूझ न्यूयॉर्कचा बार सोडून जमैकाला जातो त्या प्रसंगासाठी. ममाज अँड पपाज ह्या बँडच्या जॉन फिलिप्सने स्कॉट मॅकेन्झीबरोबर एक गाणं सुरू करून ठेवलं होतं, त्याची कडवी होती पण ध्रुवपदातली ती बेटांच्या नावांची माळ नव्हती. ती माइक लव्हने घातली, निर्माता टेरी मेल्चर होता, म्हणून गाण्यावर चौघांची नावं आहेत. आणि माइक लव्हने आणखी एक गोष्ट केली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फिलिप्सच्या ओळीत 'जिथं पूर्वी जायचो' असा भाव होता, भूतकाळ. माइकने तो बदलून 'जिथं तुला जायचंय' केलं. एवढाच बदल. म्हातारपणी जुन्या सुट्ट्या आठवणाऱ्या माणसाचं गाणं होतं, ते अजून बॅग भरायची आहे अशा माणसाचं गाणं झालं.

सिंगल, म्हणजे एका गाण्याची रेकॉर्ड, आलं १८ जुलै १९८८ ला, इलेक्ट्रा कंपनीकडून, आणि मागच्या बाजूला लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी'. म्हणजे बीच बॉइजच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बीच बॉइज नाहीतच, एवढ्यावरून कळतं की पिक्चरचं गाणं म्हणूनच ते दुकानात गेलं. पिक्चर २९ जुलैला लागला. गाणं लगेच उसळलं नाही, हळूहळू चढत गेलं, उन्हाळा संपला, शाळा सुरू झाल्या, तिकडे पानगळ सुरू झाली आणि ५ नोव्हेंबर १९८८ ला ते बिलबोर्ड हॉट १०० ह्या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत पहिलं. फिल कॉलिन्सच्या गाण्याला खाली ढकलून. एकच आठवडा टिकलं. पण आधीच्या पहिल्या नंबरपासून जवळजवळ २२ वर्षांनी, तोवर कुणाचंच दोन पहिल्या नंबरांतलं अंतर एवढं नव्हतं, हा विक्रम पुढे १९९९ मध्ये शेर ह्या गायिकेने मोडला.

उन्हाळ्याचं गाणं थंडीच्या तोंडावर का चाललं ह्यावर माझं मत असं की ते उन्हाळ्याचं गाणं नाहीच, ते रजा न मिळालेल्या माणसाचं गाणं आहे. ऑस्ट्रेलियात मात्र ते तिकडच्या ऐन उन्हाळ्यात कित्येक आठवडे पहिलं होतं, इंग्लंडमध्ये जेमतेम पंचविसावं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. शिव्या घातल्या तरी चालेल, फक्त एकदा ऐकून घाला.

---

कॅसेटवाला

काय धागा काढलात! रातांबे वाचूनच तोंडाला पाणी सुटलं.

मी हे गाणं आधी बघितलं आणि मग ऐकलं. ९१-९२ साल, दादरला आमच्या चाळीत केबल नुकतीच आली होती, स्टारच्या एमटीव्हीवर हे लागायचं. शेजारच्या काकांकडे कलर टीव्ही, दाराशी चपलांचा ढीग आणि आम्ही पोरं खाटेखाली डोकं घालून बघायचो कारण वर जागा नसायची. त्यात एक देखणा मुलगा ड्रम बडवतो तो बँडमधला नाही हे फार नंतर कळलं, तो जॉन स्टेमॉस, टीव्ही सीरियलमधला अ‍ॅक्टर, बँडचा चाहता आणि मित्र.

आणखी एक गंमत नाही, गोष्ट म्हणतो. तो व्हिडिओ कुठल्या बेटावर काढलेला नाही. फ्लोरिडात डिस्नीवर्ल्डमध्ये ग्रँड फ्लोरिडियन म्हणून हॉटेल आहे, १९८८ च्या उन्हाळ्यातच नवंकोरं उघडलं होतं, तिथे काढलाय. मागे जे निळं पाणी दिसतं तो समुद्र नाही, खणून केलेलं तळं आहे आणि वाळू आणून टाकलेली. मी हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही, आम्ही चाळीतून बघत होतो त्यांच्यासाठी तो समुद्रच होता.

कॅसेट नंतर घेतली, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून. २०१६ मध्ये ते बंद झालं तेव्हा शेवटच्या आठवड्यात जाऊन आलो होतो.

---

स्पष्टच_बोलते

धागा मनापासून लिहिलाय, ते आवडलं. पण मी विरोधी बाकावर बसणार आहे आणि पूर्ण मांडणार आहे.

दर्यागाणं, तुम्ही एक तारीख लिहिलीत, १८ जुलै. दुसरी मी लिहिते, १२ जुलै १९८८. त्या दिवशी ब्रायन विल्सनचा पहिला सोलो अल्बम आला. सहा दिवस आधी! त्याच्यावर 'लव्ह अँड मर्सी' आहे. अनेक वर्षं अंथरुणाला खिळल्यासारखा राहिलेला, दीडशे किलोच्या आसपास गेलेला, औषधांनी पार पिचलेला माणूस उठून गातो आणि त्या गाण्यात काय मागतो, तर सगळ्यांसाठी माया आणि दया. समीक्षकांनी त्या अल्बमचं भरभरून कौतुक केलं. आणि लोकांनी? अल्बम अमेरिकेत पहिल्या ५० मध्ये सुद्धा आला नाही, 'लव्ह अँड मर्सी' हॉट १०० मध्ये शिरलंच नाही. आणि त्याच्याच बँडने त्याच्याशिवाय केलेलं, बेटांची नावं एकापुढे एक ठेवलेलं ट्रॅव्हल एजंटचं माहितीपत्रक पहिल्या नंबरवर.

मला ह्याचा राग येतो आणि तो कमी होत नाही. त्या वर्षीचा सगळ्यात वाईट पिक्चर म्हणून 'कॉकटेल'ला रॅझी मिळालं, त्या पिक्चरचं हे गाणं. २००४ मध्ये 'ब्लेंडर' मासिकाने आजवरच्या सगळ्यात वाईट ५० गाण्यांची यादी काढली त्यात हे आहे आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. 'पेट साउंड्स' ज्या घरात बनलं त्या घरातून हे यावं?

माझा नवरा म्हणतो तू गाण्यावर नाही माइक लव्हवर चिडलीयेस. असेल. हॉल ऑफ फेमच्या स्टेजवर त्या माणसाने दुसऱ्या बँडांना जे ऐकवलं ते ऐकल्यावर चिडायला कारण लागत नाही.

---

रिमझिम

स्पष्टच_बोलते +१. 'लव्ह अँड मर्सी' मी बाबा आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून रोज ऐकायचे. दुसरं काही ऐकवत नव्हतं.

---

दर्यागाणं

स्पष्टच_बोलते, तुमच्या तारखेला माझ्याकडे उत्तर नाही, ती तारीख खरी आहे आणि दुखणारी आहे. मी 'लव्ह अँड मर्सी'च्या विरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. रिमझिम, तुमचं वाचून थांबलो जरा.

पण 'त्याच्याशिवाय केलेलं' ह्यावर थोडं. ब्रायन तेव्हा यूजीन लँडी ह्या मानसशास्त्रज्ञाच्या पूर्ण ताब्यात होता, कुणाला भेटायचं, काय खायचं, कुठे जायचं सगळं लँडी ठरवायचा, पुढे १९८९ मध्ये त्याला कॅलिफोर्नियातलं लायसन्स सोडावं लागलं आणि आणखी काही वर्षांनी कोर्टाने त्याला ब्रायनपासून लांब केलं. रेकॉर्डिंगला ब्रायन का नव्हता ह्याच्या प्रत्येकाच्या वेगळ्या हकिगती आहेत. मला वाटतं घर फुटल्यावर जेवणाच्या ताटावर कोण का नव्हतं ह्याची हकिगत कधीच एक नसते. नंतर गाण्याची स्पॅनिश आवृत्ती केली त्यात मात्र ब्रायनचा आवाज आहे.

आणि एक बघा. कोकोमोमध्ये अकॉर्डियन वाजतं ते व्हॅन डाइक पार्क्सने वाजवलंय. हा तोच माणूस ज्याने १९६६-६७ मध्ये ब्रायनबरोबर 'स्माइल'चे शब्द लिहिले आणि ज्याच्या शब्दांचा अर्थ काय म्हणून माइक लव्हने त्याला तेव्हा जाब विचारला होता. तो अल्बम अर्धवट राहिला. वीस-एकवीस वर्षांनी तोच माणूस माइकच्या गाण्यात येऊन अकॉर्डियन वाजवतो. तुम्ही म्हणाल पैशासाठी, असेलही, पण आला.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि हा मी मूळ धाग्यात मुद्दाम ठेवला नव्हता कारण कुणीतरी स्वतःहून काढेल असं वाटलं होतं. बेटांची नावं माइक म्हणतो, सपाट, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी. त्याच्यानंतर एक आवाज वर येतो आणि 'कोकोमोला नेतो' म्हणतो. तो कार्ल आहे. धाकटा विल्सन. 'गॉड ओन्ली नोज' ज्याने गायलं तो, 'गुड व्हायब्रेशन्स'चा मुख्य आवाज ज्याचा तो. म्हणजे १९६६ च्या पहिल्या नंबरात जो आवाज आहे तोच १९८८ च्या पहिल्या नंबरात आहे. एक भाऊ वारलेला, एक भाऊ कुणाच्या तरी कैदेत, आणि हा उरलेला त्या हलक्याफुलक्या गाण्यात ते दोन-चार ओळींचं वळण असं गातो की बस. कार्ल पुढे १९९८ मध्ये कॅन्सरने गेला, पन्नाशी-एक्कावन्नच्या आसपास. लोक गाणं बंद करतात ते नावांच्या माळेवर वैतागून, कार्लपर्यंत पोचतच नाहीत.

---

पांढरी_एक

दर्यागाणं, कार्लच्या जागेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाजवून बघितलं तर आणखी कळतं, मी शाळेत पेटी शिकवतो म्हणून माझ्या भाषेत सांगतो, गिटारवाल्यांनी दुरुस्त्या कराव्यात.

मूळ गाणं पांढरी एकमध्येच आहे, म्हणजे पांढरी एक सा. आता पहिल्या ओळीतले कॉर्ड घ्या. सुरुवात सी मेजर, मग त्याच्यात शुद्ध नी मिसळतो, मग जी मायनर, मग एफ मेजर, मग एफ मायनर, मग परत सी. कॉर्ड विसरा आणि आत एकच सूर कसा उतरतो ते ऐका. सा. शुद्ध नी. कोमल नी. शुद्ध ध. कोमल ध. प. पट्टीवर बोटाने दाखवायचं तर पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच. एकही पट्टी न सोडता, एकेक पायरी खाली. वर चाल आनंदाने चाललीये, बेटं, ऊन, वाळू, आणि आत हा सूर जिना उतरतोय.

विशेषतः शुद्ध धवरून कोमल धवर येणं. तिथे शब्द काय आहेत तर 'तिथं जायचंय'. तोच शब्द जो माइक लव्हने भूतकाळातून उचलून आणला असं तुम्ही लिहिलंत. शब्द भविष्याकडे बघतात आणि कोमल ध मागे बघतो. काल रात्री मी हे दहा-बारा वेळा वाजवलं, शेवटी बायको बाहेर येऊन म्हणाली हे कुठलं भजन.

कार्लचं वळणही ह्याच उतरत्या जिन्यावर बसवलंय, पण तो वरच्या बाजूने गातो म्हणून उतरण जाणवते आणि दुःख होत नाही. हे ज्याने कुणी बसवलं त्याला गाणं कळत होतं, वाईट गाण्यांच्या यादीत टाकणाऱ्यांनी पेटी उघडलेली नसावी.

---

कॅसेटवाला

पांढरी_एक सर, पस्तीस वर्षं ऐकतोय आणि हे कधी लक्षात आलं नाही. मुलीच्या कीबोर्डवर आत्ता वाजवलं. तुमचं काळी चार आलं आणि अंगावर काटा आला. वाचनखूण साठवतोय.

---

मैलाचा_दगड

नमस्कार, इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असतो, पण गेली चौदा वर्षं मायामीत राहतोय त्यामुळे ह्या धाग्यावर लिहिलं पाहिजे.

गाण्यात सांगितलेला पत्ता फ्लोरिडा कीजच्या, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांच्या रांगेच्या, जवळ कुठेतरी असा आहे. तिथे कोकोमो नावाचं बेट नाही. इंडियानात कोकोमो नावाचं शहर आहे, समुद्रापासून शेकडो मैल लांब, तिथे मक्याची शेतं आणि मोटारींचे कारखाने. पण पाहुणे आले की, आणि भारतातून येतात ते तर हमखास, विचारतात कोकोमो कुठे. माझ्या सासऱ्यांनी सुद्धा विचारलं, ते आयुष्यभर एसटीत होते, इंग्रजी गाण्यांशी संबंध नाही, पण हे गाणं त्यांना पाठ.

त्यांना घेऊन गेलो होतो. मायामीहून तासाभरात की लार्गो लागतं, तिथून ओव्हरसीज हायवे, दोन्ही बाजूला पाणी, रस्त्याच्या कडेला हिरव्या पाट्यांवर मैलाचे आकडे, की वेस्टला शून्य म्हणून आपण जाऊ तसे कमी होत जातात. सासरे प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते, सवयच ती. सेव्हन माइल ब्रिजवर आल्यावर मात्र गप्प झाले. शेजारी जुना रेल्वेचा पूल आहे, १९३५ च्या वादळात ती रेल्वे वाहून गेली, तो पूल मध्येच तुटलेला उभा आहे. पाण्याचा रंग काय सांगू, निळा म्हणवत नाही आणि हिरवाही नाही.

आता जी गोष्ट गाण्याच्या विरोधात जाते ती पण सांगतो. कीजमध्ये आपण म्हणतो तशी चौपाटी फारशी नाहीच. सगळी बेटं प्रवाळाच्या दगडाची, नैसर्गिक वाळू थोडी, आणि समोर प्रवाळाची भिंत असल्यामुळे लाटा किनाऱ्यापर्यंत येत नाहीत. लाटांवरच्या गाण्यांनी मोठा झालेला बँड, त्यांचं शेवटचं मोठं गाणं अशा जागेचा पत्ता देतं जिथे लाटच नाही. सासऱ्यांनी गाडीतून उतरून पाण्यात पाय घातले आणि म्हणाले, "आपलं तारकर्ली बरं. पण हे पण बरंय." तो त्यांचा शेवटचा मोठा प्रवास ठरला.

---

रिमझिम

मैलाचा_दगड, लिहीत जा हो.

एक विचारायचं होतं, ह्या गाण्याला अवॉर्ड वगैरे काही मिळालं का? आणि कॉकटेलमध्येच ते 'डोन्ट वरी, बी हॅपी' पण होतं ना?

---

दर्यागाणं

मिळालं नाही, नामांकनं झाली. गोल्डन ग्लोबला आणि ग्रॅमीला, ग्रॅमीला पिक्चरसाठी लिहिलेल्या गाण्याच्या विभागात. ग्रॅमी नेली 'टू हार्ट्स'ने, ते परत फिल कॉलिन्सचंच, त्याला खाली ढकलल्याची भरपाई झाली म्हणायची. गोल्डन ग्लोब त्या वर्षी दोघांत विभागून गेला आणि त्यातही एक 'टू हार्ट्स' होतं.

हो, बॉबी मॅकफेरिनचं 'डोन्ट वरी, बी हॅपी' त्याच कॅसेटवर आहे आणि ते सप्टेंबरात पहिलं आलं होतं. एका पिक्चरच्या कॅसेटवर त्याच वर्षी दोन पहिल्या नंबरची गाणी, म्हणून ती कॅसेट मामांच्या बोटीपर्यंत पोचली.

---

भरती_ओहोटी

मुंबई-गोवा करत राहतो कामानिमित्त, गोव्यातल्या शॅकमध्ये संध्याकाळी जे दोन-तीन जणांचे बँड वाजवतात त्यांच्याकडून हे गाणं किती वेळा ऐकलं असेल सांगता येत नाही. एकदा कळंगुटला एक साठीच्या पुढचे गृहस्थ गात होते, एकटेच, गिटार आणि तालासाठी एक छोटं मशीन. नावांची माळ आली की पर्यटक जोरात म्हणायचे आणि त्या कार्लच्या जागेला सगळे गप्प व्हायचे कारण तेवढं उंच कुणाला जाता येत नव्हतं. ते एकटे गायचे. धागा वाचेपर्यंत त्या शांततेचं कारण कळलं नव्हतं.

गाण्यातल्या एका नावाबद्दल लिहायचंय. माळेनंतर ध्रुवपदात माँटसेराट येतं. ह्या बेटावर बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने १९७९ मध्ये स्टुडिओ उघडला होता, ऐंशीच्या दशकात मोठमोठे लोक तिथे जाऊन रेकॉर्डिंग करायचे. गाणं आलं १९८८ मध्ये, १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो वादळाने तो स्टुडिओ संपवला. आणि १९९५ पासून ज्वालामुखी, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, अर्ध्याहून जास्त बेटावर अजून राहायला बंदी आहे. कोकोमो खोटं असेल पण माँटसेराट खरं होतं आणि आता गाण्यात आहे तसं ते राहिलेलं नाही.

---

स्पष्टच_बोलते

तीन दिवस लिहिलं नाही कारण ठरवलं होतं की नीट ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. हेडफोन लावून, लोकलमध्ये नाही, घरी, रात्री.

पांढरी_एक सरांचा जिना ऐकू आला. एकदा ऐकू आल्यावर आता तो जात नाही. आणि कार्ल. मी कार्लची भक्त आहे, 'गॉड ओन्ली नोज' माझ्या लग्नात लावलं होतं, आणि तरी ह्या गाण्यात तो आहे हे माहीत असून मी त्याला कधी ऐकला नव्हता कारण मी दरवेळी रागातच ऐकायचे. ही माझी चूक आणि ती मला लागली.

पण माझं मत पूर्ण बदललेलं नाही, ते खोटं सांगणार नाही. नावांची माळ मला अजून आवडत नाही. आणि १२ जुलैचं दुःख तसंच आहे. उलट आता ते वाढलंय, कारण दोन्ही रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या, ब्रायन एकटा दया मागतोय आणि सहा दिवसांनी धाकटा भाऊ म्हणतोय चल तुला नेतो, आणि दोघांची गाठ नाही. एका गाण्यात असायला हवे होते हे दोघं.

माइक लव्हबद्दल एक मात्र कबूल. १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होते तेव्हा हाही तिथे होता, वाढदिवसही तिथेच झाला, आणि ते ध्यान त्याने सोडलं नाही, अजून करतो म्हणतात. त्या माणसाला भूतकाळाचं वर्तमान करावंसं का वाटलं ते कदाचित तिथून येत असेल. की मी उगाच जोडतेय?

---

पांढरी_एक

उगाच नाही जोडत ताई. मेल्चर काय, लव्ह काय, १९८८ मध्ये सगळेच चाळिशी ओलांडलेले लोक होते. त्या वयात 'पूर्वी जायचो' म्हणणं सोपं असतं.

शाळेत सहावीच्या मुलांना काल तो उतरता सूर वाजवायला दिला, गाणं न सांगता. एक मुलगा म्हणाला, सर, हे सुट्टी संपल्यासारखं वाटतंय.

---

दर्यागाणं

त्या मुलाला माझ्याकडून एक चॉकलेट द्या.

काल मामांना फोन केला होता, धाग्यातलं थोडं वाचून दाखवलं. ऐकू कमी येतं आता, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. मी विचारलं, मामा, त्या नावांतलं तुम्ही काय काय बघितलंय. ते बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले अरुबाला दोनदा गेलो, तिथे मोठी रिफायनरी होती, पण खाली उतरलोच नाही, दोन्ही वेळा ड्युटी, जेटीवर पंप चालू आणि पलीकडे दिवे दिसायचे. जमैका लांबून. बहामाजवळून रात्रीचे गेलो. पोर्ट ओ प्रिन्सला तीन दिवस नांगर टाकून बाहेर उभे होतो, आत घेतलं नाही. म्हणजे सगळ्या बेटांच्या जवळून गेले आणि वाळूवर पाय एकाही ठिकाणी नाही. आम्ही पोरं इतकी वर्षं समजत होतो की मामा तिथे जाऊन आलेत म्हणून त्यांनी ती कॅसेट घेतली.

मग मी विचारलं, कॅसेट मग घेतली कशाला. तर म्हणाले, "नावां वळखीची होती."

आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली, रातांबे आता मामी फोडते, हात दुखतात म्हणून थोडेच. फोन ठेवताना मामा म्हणाले, नातवाने कानाला लावायचं ते आणून दिलंय, तां कोकमाचां गाणां परत धाड.

पाठवलंय.